आसऱ्याला आणलेले मांजर घरात कसे रुळवावे?

पावसाळ्याच्या दिवसांत भोपाळच्या गल्ल्यांतून, रिकाम्या गोदामांतून आणि शेतावरच्या खोपटांतून मांजरांची पिल्ले केविलवाणी ओरडताना ऐकू येतात. कधी आई गाडीखाली सापडलेली असते, कधी घर बदलताना कोणी मांजर मागे सोडून गेलेले असते. आपल्यातील काही कुटुंबे अशा मांजराला दया येऊन घरी आणतात. पण पुष्कळदा आठ-दहा दिवसांतच ऐकायला मिळते, "दूधभात घातला, मायेने जवळ घेतले, तरी पळालेच!" आणि वर शेरा असतो की मांजराची जातच कृतघ्न.

हा शेरा मांजरावर अन्याय करणारा आहे असे आम्हांला वाटते. नव्या घरातून मांजर पळते ते बहुधा भीतीमुळे, आणि ती भीती आपणच नकळत वाढवलेली असते. ती कशी घालवावी, आणि त्याच वेळी घरातील मुलेबाळे व खुराड्यातील कोंबड्या यांची काळजी कशी घ्यावी, हे येथे पाहू.

मांजर जागेला धरून असते

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर जागेला, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत. त्यात तथ्य आहे. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेले मांजर चार दिवसांनी पुन्हा चुलीपाशी येऊन बसल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. मांजराला आपली जागा मुख्यतः वासाने ओळखता येते. दाराची चौकट, खाटेचा पाय, आपली पोटरी यांना ते गाल घासते, तेव्हा तेथे आपला वास लावून ठेवत असते. जेथे हा वास आहे ती जागा भरवशाची.

नव्या घरात असा वास कोठेच नसतो. शिवाय मांजर उंदराची शिकार करीत असले तरी कुत्र्यासारख्या मोठ्या जनावराचे ते स्वतःच भक्ष्य ठरू शकते. म्हणून अनोळखी जागी लपून बसणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात, त्यामागेही सुरक्षित जागेचा शोधच असतो. तेव्हा एक गोष्ट मनात पक्की धरावी : मांजराला आधी एक कोपरा द्यावा, मग घर, आणि सर्वांत शेवटी अंगण.

पहिले काही दिवस

मांजर आणण्यापूर्वीच घरातील एक लहान, कमी वर्दळीची खोली किंवा पडवीचा बंद होणारा भाग तयार ठेवावा. खिडक्या, कौलांखालच्या फटी आणि मोऱ्यांची तोंडे तपासून बंद करावीत. एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून आत जुने लुगडे किंवा गोणपाट अंथरावे. हे खोके फार महत्त्वाचे आहे. नेदरलँड्समधील एका प्राणी-आश्रयगृहात संशोधकांनी नव्याने आलेल्या काही मांजरांना लपण्यासाठी खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, खोकी मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर उतरला. ज्याला लपायला जागा आहे, त्याला बाहेर येण्याचे धैर्यही लवकर येते.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका घमेल्यात किंवा पसरट टोपलीत चार बोटे वाळू भरून ठेवावी. शौचासाठी ती उकरण्याची मांजराला उपजतच सवय असते. खाणे आणि पाणी या घमेल्यापासून दूर ठेवावे. स्वच्छतेच्या बाबतीत मांजर आपल्यापेक्षा काकणभर सरसच आहे. घाणीशेजारचे अन्न त्याला रुचत नाही, आणि घमेले दररोज साफ केले नाही तर ते दुसरा कोपरा शोधते.

मांजर खोलीत सोडल्यावर त्याला खोक्यातून ओढून काढू नये आणि शेजाऱ्यांना दाखवायला नेऊ नये. अन्न, पाणी आणि स्वच्छता एवढेच करावे. मांजर रात्री बाहेर येऊन खात असेल तर काळजीचे कारण नाही. मात्र मोठ्या मांजराने सलग दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याला दाखवावे, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. लहान पिल्लासाठी तर एक दिवससुद्धा थांबू नये.

मांजरे सांभाळणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे : भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने. एखादे मांजर याहून लवकर रुळेल. मार खाल्लेले, माणसांना भ्यालेले मांजर याहून अधिक काळ घेईल.

ओळख कशी वाढवावी

घरातील एका माणसाने रोज ठरावीक वेळी त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसावे. भाजी निवडावी, वर्तमानपत्र वाचावे, हळू आवाजात बोलावे. मांजराकडे टक लावून पाहू नये, कारण त्याच्या भाषेत ती धमकी होते. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडावेत. विश्वास वाटू लागला की मांजरही तसेच करते. हात पुढे करून स्थिर ठेवावा. ते स्वतः येऊन हुंगेल आणि गाल घासेल, तेव्हाच गालावर किंवा कानामागे खाजवावे. पोटाला हात लावू नये.

मुलांना एक नियम घालून द्यावा : मांजर आपल्याकडे येईल, आपण मांजरामागे जायचे नाही. कान मागे पडले, शेपटी जोरात हलू लागली, की हात मागे घ्यावा. बहुतेक ओरखडे ही खूण न ओळखल्यामुळेच निघतात.

घरात दुसरे मांजर किंवा कुत्रा असेल तर पहिले दहा ते चौदा दिवस दोघांना वेगळे ठेवावे. नव्या मांजराला काही रोग असल्यास तो तेवढ्यात बहुधा दिसून येतो. या काळात एकाच्या अंथरुणाचे फडके दुसऱ्याजवळ ठेवावे, म्हणजे तोंडओळख आधी वासाने होते. मग दाराच्या फटीतून आणि शेवटी आपल्यासमोर त्यांची भेट घडवावी.

अंगणाचे दार केव्हा उघडावे

बाहेर सोडण्याची घाई हीच मांजर गमावण्याची सर्वांत मोठी वाट आहे. किमान तीन ते चार आठवडे मांजराला घरातच ठेवावे. पुढे सोडायचे असेल तर जेवणाच्या आधी, भुकेल्या पोटी सोडावे आणि थोड्याच वेळात ताटली वाजवून बोलवावे. त्यापूर्वी लसी आणि नसबंदी उरकून घ्यावी. मांजरीचे पिल्लू चार-पाच महिन्यांचे झाले की गाभण राहू शकते, आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. एका मांजरीला आसरा द्यावा आणि वर्षभरात तिची पिल्ले बाजारात सोडून यावीत, ही दया नव्हे. शिवाय पाळलेले जनावर उपासमार होईल अशा रीतीने सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

खाणे : दूधभात पुरेसा नाही

मांजर हे मूलतः मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो न मिळाल्यास डोळे आणि हृदय अधू होतात. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही आणि हगवण लागते. म्हणून शिजवलेली, काटे काढलेली मासळी, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी किंवा मांजरासाठीचे तयार खाद्य द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये. त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.

कच्ची कोंबडी मात्र कधीही घालू नये. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांना बर्ड फ्लूची, म्हणजे एच५एन१ विषाणूची, लागण झाल्याचे आढळले. त्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले गेले होते. तेथील जिवंत पक्ष्यांच्या बाजारातही विषाणू सापडला. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने मेले होते. म्हणजे मांजराच्या कुळालाच या रोगाचे भय आहे. कोंबडीची आतडी आणि मुंड्या मांजरापुढे टाकण्याची सवय मोडावी. नीट शिजवल्यावर हा विषाणू मरतो. मेलेल्या कोंबड्या किंवा पक्षी मांजराच्या तोंडी लागू देऊ नयेत. ते उघड्या हातांनी उचलू नयेत, आणि एकदम अनेक पक्षी मेले तर पशुवैद्यकीय खात्याला कळवावे.

घरातली आणि शेतातली विषे

पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाच्या तापावरचे औषध मांजराला कधीही देऊ नये. गुरांच्या गोचिडांवर किंवा कुत्र्याच्या पिसवांवर वापरायची परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधे मांजराच्या अंगाला लावू नयेत. त्याला झटके येतात. फिनेलने पुसलेली जमीन पूर्ण वाळेपर्यंत मांजराला तेथे जाऊ देऊ नये, कारण ते पाय चाटते. ज्या घरात मांजर आहे तेथे उंदरांचे विष ठेवू नये. विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. ईस्टरच्या सणाला वेदीवर शोभणारी पांढरी लिली मांजराला अत्यंत विषारी असते. तिचे पान, फूल, इतकेच काय, अंगाला लागलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होतात. ही फुले घरी नेऊ नयेत.

माणसांचे आरोग्य

आणल्यावर पहिल्या आठवड्यात मांजर पशुवैद्याला दाखवावे. जंतांचे औषध, मांजरांच्या साथीच्या रोगांवरील लस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी. पुढे रेबीजची लस पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, सामान्यतः दरवर्षी, टोचून घ्यावी. दवाखाना दूर असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी.

मांजर चावले किंवा त्याच्या नखाने रक्त निघाले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तेथे कातडीत टोचली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. जखम रक्ताळलेली असेल तर जोडीला जखमेत द्यायचे औषधही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचवणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून घरचेच मांजर आहे असे म्हणून थांबू नये.

घरात गरोदर स्त्री असेल तर तिने मांजराचे घमेले साफ करू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि तो गर्भाला अपाय करतो. बाहेर पडल्यावर एक दिवस तरी गेल्याशिवाय तो संसर्गक्षम होत नाही. म्हणूनच दुसऱ्या कोणी रोजच्या रोज घमेले साफ केले तर धोका पुष्कळ कमी होतो. यासाठी मांजराला घराबाहेर काढण्याची गरज नाही. मुलांच्या अंगावर गजकर्णाचे गोल चट्टे उठले तर मुलाबरोबर मांजरालाही दाखवावे.

शेतकऱ्याचा जुना सोबती

इतकी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. धान्याची कोठी असलेल्या घराला मांजराचे मोल सांगायला नको. प्लेगच्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्रू बुकॅनन यांनी गावागावांतील मांजरांची माहिती घेतली होती. जेथे मांजरे भरपूर तेथे प्लेग कमी, असे त्यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपण जाणतो, त्यामुळे मांजर म्हणजे औषध नव्हे. पण उंदीर कमी ठेवायला त्याची मदत होते. उंदीर धरावेत म्हणून त्याला उपाशी मात्र ठेवू नये. शिकार ही त्याची उपजत वृत्ती आहे, आणि पोट भरलेले मांजरही उंदीर धरते.

रस्त्यावरून उचलून घरी आणल्याने मांजर वाचते ते अर्धेच. उरलेले काम घरातल्या एका शांत कोपऱ्यात, तीन महिन्यांच्या धीराने करायचे असते. ज्यांना तेवढा धीर आणि लसीपुरता खर्च जमणार असेल त्यांनी अवश्य मांजर आणावे, आणि आणण्याच्या आदल्या दिवशीच ते खोके व वाळूचे घमेले मांडून ठेवावे.