स्पोर्ट्स कारचा क्लच नेमका कशाने झिजतो?

स्पोर्ट्स कार दामटून चालवली तर कारखान्यातून बसवून आलेला मूळ क्लच किती किलोमीटर टिकतो, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण क्लचची झीज अंतराशी फार सैलपणे बांधलेली असते. क्लच पूर्णपणे जुळलेला असताना त्याचे भाग एकमेकांवर घासतच नाहीत, मग गाडी ताशी 60 किलोमीटरने जात असो वा 200 ने. झीज होते ती इंजिन आणि चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असताना त्यांचा मेळ घालण्याच्या एकदोन सेकंदांत. त्यामुळे एकाच बनावटीच्या दोन गाड्यांपैकी एकीचा क्लच लाखभर किलोमीटर चालावा आणि दुसरीचा ड्रॅग शर्यतीच्या एका संध्याकाळी जळून जावा, यात विसंगत असे काही नाही.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड लोखंडी चाक असते, त्याला लागून क्लच प्लेट आणि तिच्या मागे प्रेशर प्लेट. क्लच प्लेट ही दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर लावलेली चकती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते, आणि डायफ्रॅम नावाची बशीच्या आकाराची पोलादी स्प्रिंग प्रेशर प्लेटकरवी तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग ही स्प्रिंग मागे उलटवते आणि प्लेट मोकळी होते. अस्तराचा झिजण्याजोगा थर दर बाजूला मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि क्लचचे सारे आयुष्य म्हणजे हा थर.

या थरावर कठोर चालवण्याने काय गुदरते, हे होंडाच्या एस2000 या 1999 ते 2009 या काळात विकल्या गेलेल्या दोन आसनी मोटारीवरून चांगले समजते. तिच्या जपानी आवृत्तीचे दोन लिटरचे इंजिन मिनिटाला 9,000 फेऱ्यांपर्यंत जाई आणि 250 अश्वशक्ती देई, पण त्याचा कमाल टॉर्क, म्हणजे दांडा पिळण्याचे बळ, जेमतेम 218 न्यूटन-मीटर होता आणि तोही 7,500 फेऱ्यांना मिळे. खालच्या फेऱ्यांत इंजिन थंडच असे, त्यामुळे झटक्यात निघू पाहणारा चालक फेरे बरेच चढवूनच क्लच सोडी.

इथे भौतिकशास्त्राचा एक साधा पण निष्ठुर नियम लागू होतो. इंजिनाची गती कायम ठेवून उभी गाडी सपाट रस्त्यावर क्लच घसरवत हलवली, तर क्लच जुळेपर्यंत इंजिनाने केलेल्या कामापैकी निम्मे गाडीला वेग देण्यात जाते आणि निम्मे क्लचमध्ये उष्णता होऊन उरते. पेडल हळू सोडले वा झटकन, या उष्णतेची बेरीज जवळपास तीच राहते. एस2000 चे वजन चालक आणि सामानासह 1,350 किलो धरले, तर 2,000 फेऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये तिचा वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर होतो आणि अशा सुरुवातीत क्लचमध्ये सुमारे 13 किलोजूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी 6,000 फेरे धरून सोडली तर वेग 47 किलोमीटरवर जुळतो, पण उष्णता 116 किलोजूलच्या घरात जाते, कारण ती गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे तिप्पट म्हणजे उष्णता नऊपट. एवढ्या उष्णतेत सुमारे 350 मिलिलिटर पाणी उकळीला येते, आणि इथे ती दोनेक सेकंदांत अस्तराच्या पातळ पृष्ठभागावर ओतली जाते.

अस्तरासाठी पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस वापरत. आता काचेचे किंवा अ‍ॅरामिडचे तंतू, रबर, तांब्या-पितळेच्या तारा आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारे राळेसारखे रेझिन यांचे मिश्रण असते. अडीच-तीनशे अंशांपलीकडे हे रेझिन कोळपू लागते, घर्षण घटते आणि जळका दर्प येतो. क्लच थंड होऊ दिला तर एखादा असा प्रसंग तो सहसा पचवतो. मात्र पाठोपाठ पाच-सहा सुरुवाती केल्या, तर आधीची उष्णता लोखंडातून निघून जाण्याआधीच पुढची येऊन पडते, घर्षण कमी झाल्याने क्लच अधिक घसरतो आणि अधिक घसरल्याने अधिक तापतो. हे चक्र एकदा सुरू झाले की अस्तर चकचकीत आणि कडक होते, फ्लायव्हीलवर निळसर डाग उठतात, आणि किलोमीटरचा हिशेब तिथेच संपतो.

वर्तुळाकार शर्यतमार्गावर दिवसभर गाडी पिटाळणे क्लचला मात्र त्या मानाने सौम्य जाते, हे बहुतेकांना खरे वाटत नाही. तिथे उभ्या गाडीची सुरुवात क्वचितच होते. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना एस2000 चे इंजिन 9,000 वरून 6,500 फेऱ्यांच्या आसपास उतरते, आणि एवढा फरक मिटवायला क्लचला अवघ्या काही किलोजूल उष्णतेचा भार पडतो. गिअर उतरवताना कुशल चालक ब्रेक दाबतानाच टाचेने अ‍ॅक्सिलरेटर चेपून इंजिनाचे फेरे आधीच जुळवून घेतो, म्हणजे क्लचला घासायला काही उरतच नाही. धोका असतो तो चुकून खालच्या गिअरमध्ये दांडा पडण्याचा. त्या वेळी चाके इंजिनाला आणि चकतीला त्यांच्या मर्यादेपलीकडे फिरवतात, आणि ते नुकसान झिजेच्या खात्यात मोडत नाही.

टायरचाही इथे मोठा हात असतो. मागची चाके जागच्या जागी फिरली तर घसरण क्लचऐवजी टायर सोसतो. टायरची पकड वाढवली की हा सुटकेचा मार्ग बंद होतो. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स किंवा मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारींत चाके सहजी घसरत नसल्याने झटक्याच्या सुरुवातीचा सारा बोजा क्लचवर येतो.

याउलट, ज्याला कोणी कठोर चालवणे म्हणणार नाही अशी एक सवय क्लचला तितकीच महागात पडते. भारतीय चालक ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात, तसे चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणे ही ती सवय. दहात एक अशा चढावर 1,500 फेऱ्यांना एस2000 अशी तोलली, तर क्लचमध्ये दर सेकंदाला सुमारे 4 किलोजूल उष्णता निर्माण होते, म्हणजे अर्ध्या मिनिटात 6,000 फेऱ्यांच्या एका सुरुवातीइतकी. ती सावकाश येत असल्याने पृष्ठभाग तितका भडकत नाही, हे खरे. पण घाटात वाहनांची रांग तासभर खोळंबली असेल तर अशी किती अर्धी मिनिटे होतात, ते मोजायला हवे. फेरारीने 1997 मध्ये एफ355 मोटारीत पेडल नसलेली, हायड्रॉलिक यंत्रणेने क्लच चालवणारी ‘एफ1’ गिअरपद्धत आणली. तिच्या पुढच्या पिढ्यांत नियंत्रक संगणकातून क्लचची झीज टक्क्यांत वाचता येते, आणि शर्यतमार्गापेक्षा गर्दीत सरपटण्याने किंवा चढावर उलट गिअरमध्ये गाडी लावण्यानेच हा आकडा भराभर चढतो.

मूळ क्लचची टॉर्क पेलण्याची क्षमता इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या साधारण सव्वा ते दीडपट ठेवतात, त्यामुळे इंजिनाची ताकद वाढवून घेणारे हा राखीव भाग आधीच खर्चून बसतात. जास्त दाबाची स्प्रिंग आणि धातुमिश्रित सिरॅमिकचे ठोकळे असलेला क्लच त्यावर मिळतो, पण पेडल जड होते आणि गर्दीत गाडी हिसके देत निघते. पोर्शच्या करेरा जीटीमध्ये अवघ्या 169 मिलिमीटर व्यासाचा सिरॅमिक क्लच होता. उष्णतेला तो दाद देत नसे, पण नवख्याच्या हाती ती मोटार हमखास बंद पडे.

जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने म्हणूनच मीटरवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर गाडीच्या वेगाआधी इंजिनाचे फेरेच उसळले तर क्लच घसरतो आहे, ही रूढ चाचणी बहुतेक गाड्यांना पुरेशी असते. एस2000 सारख्या, टॉर्क वरच्या फेऱ्यांत देणाऱ्या इंजिनाला ती फसवी ठरू शकते, कारण खालच्या फेऱ्यांतले बळ दुबळा क्लचही पेलतो. अशी गाडी डायनॅमोमीटरवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या रोलरवर, कमाल टॉर्कपर्यंत नेऊन पाहावी आणि मगच किंमत ठरवावी, कारण क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्या मजुरीचा भार सुट्या भागांच्या किमतीइतकाच जड होऊ शकतो.