मिरचीबरोबर आलेला परवाना

नावड्यातील कोणत्याही किराणा दुकानात लाल मिरची, शेंगदाणे आणि काजू सहज मिळतात. शेजारच्या फळगाडीवर अननस, पेरू आणि पपई असते. पाचशे वर्षांपूर्वी कोकणातील एकाही घराला यांपैकी एकही वस्तू ठाऊक नव्हती. या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे. त्यांची वाट उघडली ती १४९२ मधील कोलंबसाच्या सफरीने आणि १४९८ मध्ये कालिकतला पोहोचलेल्या वास्को द गामाने. १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी भारताकडे येताना प्रथम ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला. पुढे ब्राझीलचा काजू गोव्यात रुजला.

तथापि, आपला समुद्र तोवर निर्मनुष्य नव्हता. नावडे ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील चौल हे प्राचीन बंदर अरबस्तान व इराणशी व्यापार करीत होते. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला, तेव्हा गामाच्या आगमनास सुमारे पाव शतक अवकाश होता. मोसमी वाऱ्यांचे ज्ञान ही इथल्या नाखवांची खरी पुंजी होती. अनुकूल वाऱ्याने आणि स्थानिक वाटाड्याच्या मदतीने गामा आफ्रिकेच्या मालिंदीहून सुमारे तेवीस दिवसांत मलबारला आला. परतताना मात्र वारा न ओळखता निघाल्याने तेच अंतर कापण्यास त्याला सुमारे तीन महिने लागले आणि अनेक खलाशी रोगाने दगावले.

पोर्तुगीज नवे काय घेऊन आले? तोफा बसविलेली गलबते आणि एक कागद. ‘कार्ताझ’ नावाचा हा परवाना जवळ नसेल, तर व्यापारी जहाज मालासह जप्त होई. परवान्याचे शुल्क अल्प होते. खरा भार निराळा होता. जहाजाने पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी, ही त्यातील अट होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समुद्रावर पत आणि शब्द यांच्या बळावर व्यवहार चालला, तेथे स्वतःच्याच वाटेने जाण्यासाठी परक्याची अनुमती घेणे भाग पडले.

विरोध झाला. १५०८ मध्ये चौलजवळ इजिप्त व गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना पराभूत केले. व्हाइसरॉय आल्मेदाचा पुत्र तेथे मारला गेला. परंतु पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पारडे फिरले. १५१० मध्ये गोवा गेले आणि १५२१ मध्ये चौलजवळ, आजच्या रेवदंड्यात, पोर्तुगीज किल्ल्याची उभारणी सुरू झाली. शिवाजी महाराजांनी स्वतंत्र आरमार का उभारले, याचे एक उत्तर येथे सापडते. पुढे कान्होजी आंग्रे यांनी स्वतःचे ‘दस्तक’ जारी केले आणि परदेशी जहाजांना परवाना मागण्याची पाळी आणली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर चौलही मराठ्यांकडे आले.

या सफरींचा जमाखर्च मांडला तर दोन्ही रकाने भरतात. जमेला मिरची आहे; त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरे आणि पिंपळी यांवर भिस्त होती. जमेला कलमांची कला आहे; हापूस हे नाव पोर्तुगीज ‘अफोन्सो’वरून आले. पगार, लिलाव, चावी, घमेले हे शब्दही त्याच भाषेतून मराठीत स्थिरावले. बटाटाही त्याच वाटेने आला. मात्र जैन कुटुंबांनी कंदमूळ म्हणून तो नाकारला आणि त्याच्या जागी कच्चे केळे वापरले. आलेली प्रत्येक वस्तू स्वीकारलीच पाहिजे असे नाही, हे या स्वयंपाकघरांनी दाखवून दिले.

खर्चाच्या रकान्यात अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा रोगराईने व शस्त्राने झालेला संहार आहे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेली माणसे आहेत आणि चौलसारख्या बंदरांचा ऱ्हास आहे. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. मुंबई वाढत गेली आणि चौल मागे पडले.

आज न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर कळंबोली, तळोजाकडे येतात. त्या प्रत्येकाबरोबर कागदांची चळत असते. कागद आवश्यकच आहेत. पण त्यांचे नियम ठरविताना माल पाठविणाऱ्या लहान व्यापाऱ्याला मत असते का, हा कार्ताझच्या काळातील प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.