काला अंब आणि गणितज्ञाची फुरसद

पानिपत शहराबाहेर, शेतांच्या मधोमध, काला अंब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्मारकात आज तो आंबा नाही. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामातील रक्ताने ज्याची पाने काळवंडली असे परंपरा सांगते, तो वृक्ष कधीच वठून गेला, आणि त्याच्या जागी लोखंडी कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ तेवढा उभा आहे. मराठी माणूस येथे येतो तो मनात एक प्रश्न घेऊनच : पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांस ती गोळी लागली नसती तर? एका हिवाळ्यात, धुके अजून पुरते उठले नव्हते अशा वेळी, मी त्या कुंपणाशी उभा राहिलो तेव्हा सरदार आणि बखरकार यांच्याही आधी मला एका गणितज्ञाची आठवण झाली. कारण पिढ्यान्‌पिढ्या केवळ हळहळीत विरून गेलेला हा प्रश्न ज्याने गणित मांडावे तसा मांडला, ते जयंत विष्णु नारळीकर होत, आणि त्यांनी तो मांडला आपल्या फुरसतीत.

मागे वळून पाहिले, तर कथालेखनाच्या या छंदाचे मूळ काशीच्या घरात सापडते. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, मातोश्री सुमतीबाई संस्कृताच्या जाणकार; आणि शिक्षणासाठी त्या घरी राहिलेले मोरूमामा हुजूरबाजार भिंतीवरच्या फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड कोडे लिहून ठेवीत व भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार पत्करीपर्यंत ते पुसले जात नसे. ज्या मुलास गणित प्रथम भेटले ते परीक्षेच्या धाकाविना, घरातल्या मामाच्या आव्हानातून, त्याला पुढे काम आणि खेळ यांच्यामध्ये फार जाड भिंत उभारावीशी वाटली नाही, यात मला नवल वाटत नाही. केंब्रिजात १९५९ साली ते रँग्लर झाले, आणि तेथे गुरू लाभले फ्रेड हॉइल, जे विश्वाची समीकरणे मांडता मांडता कादंबऱ्याही लिहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी सर्वश्रुत आहे. गंभीर शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात काही उणेपण नाही, ही सनद शिष्यास गुरूच्या घरीच मिळाली होती.

१९७२ साली ते स्वदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि त्यानंतर थोड्याच काळाने, अहमदाबादेतील एका परिषदेत एक व्याख्यान फारच रटाळ होत चालले असता, समोरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी एक कथा लिहावयास घेतली. ती ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ती पाठविताना त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले, आणि हस्ताक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाबाईंकडून लिहवून घेतली. ज्याला वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच पद्मभूषण मिळाले होते, त्याने नावाच्या वजनाने इनाम मिळू नये म्हणून इतकी दक्षता घ्यावी, यातच त्या मनाची घडण दिसते. कथेस पहिला क्रमांक मिळाला. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी विज्ञानकथेच्या या नव्या प्रवाहाची आवर्जून नोंद घेतली, आणि मग संपादकांची मागणी थांबेना.

पुढच्या कथा-कादंबऱ्यांची जंत्री मी येथे देत नाही. १९७९ च्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातील ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या एकाच कथेपाशी मला थांबावयाचे आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघाताच्या धक्क्याने अशा जगात जाऊन पडतात की जेथे मराठे पानिपतावर विजयी झाले आहेत. तेथल्या ग्रंथालयात ते अधीरपणे पाने उलटतात आणि बखरीत मजकूर सापडतो तो असा की गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. अवघ्या काही अंगुळांचे अंतर! आपल्या लोकांनी ‘विश्वास पानिपतात गेला’ ही म्हण करून त्या अंतरावर अश्रू ढाळले. नारळीकरांनी त्या अंतरास आरंभीची अट मानले, ती किंचित बदलली, आणि पुढचे सारे राज्य, सारी मुंबई नव्याने सिद्ध करून दाखविली. कॅटास्ट्रॉफी सिद्धांत आणि पुंजवाद यांचा आधार कथेच्या शेवटी येतो खरा, परंतु माझ्या मते तिचे बळ त्या फाटक्या पानात आहे, जे पंतांच्या खिशात या जगात परत येते. मराठ्यांच्या पराभवाविषयी इतक्या समतोल वृत्तीने आणि तरीही इतक्या मायेने लिहिलेले फार थोडे माझ्या वाचनात आहे. या कथेचे इंग्रजी रूप आज अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, म्हणजे पानिपताच्या शाळेतली मुलेही ते वाचत असतील.

१९८८ साली पुण्यास आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करण्याचा भार शिरावर आला, तरी लेखन सुटले नाही, आणि मुलांशी जडलेले नातेही नाही. व्याख्यान संपताच सहीसाठी वह्या पुढे करणाऱ्या मुलांस ते सांगत, की एका पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. आणि ते येई. संस्थापक-संचालकाच्या टेबलावरील सरकारी टपालात एखाद्या तालुक्याच्या गावाहून आलेले, शाईने डागाळलेले कार्ड आपली पाळी धरून असे, ही कल्पनाही मला सुखावते.

पंतांच्या त्या दुसऱ्या जगात एका सभेतील अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते, आणि आयुष्यभर अध्यक्षपदे भूषविलेले पंत न राहवून तिच्याकडे धावतात. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाने या छंदिष्ट कथाकारास अध्यक्षपद दिले, तेव्हा प्रकृतीने साथ न दिल्याने ते व्यासपीठावर येऊ शकले नाहीत. जुलै २०२३ मध्ये मंगलाबाई गेल्या. २० मे २०२५ रोजी पुण्यात तेही गेले. काला अंबाच्या फाटकापाशी मी चहा घेतला, तेव्हा ऊन वर आले होते, आणि एक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांस बोटाने दाखवून सांगत होते, की सेनापती भाऊसाहेब येथे, विश्वासराव त्या बाजूस.