नव्या पत्त्याची पारख

चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून निघून आकुर्डी-निगडीच्या बाजूनें जावें, किंवा भोसरीवरून चाकणचा रस्ता धरावा. कारखान्यांचें जें राज्य लागतें, त्यांत एक नियम सर्वत्र सारखा आढळतो. बाहेरून आलेला सुटा भाग कितीहि चकचकीत असो, तपासल्यावांचून तो यंत्राला जोडीत नाहींत. त्याचें माप घेतात, त्यावर भार घालून पाहतात, तो किती काळ टिकेल याचा अंदाज बांधतात, आणि मगच तो स्वीकारतात. या कारखान्यांवर ज्यांचे संसार चालतात, अशा घरांत हा नियम इतका मुरलेला असतो कीं भाजी घेतांनाहि तो सुटत नाहीं. परंतु त्याच घरांतलीं मुलें सुटीच्या दिवशीं जिन्यांत बसून ज्या रंगीत पत्त्यांची अदलाबदल करतात, तेथें मात्र चमक हीच एक कसोटी मानली जाते, आणि वडील मंडळी 'पोरखेळ' म्हणून तिकडे काणाडोळा करतात. तो पोरखेळ थोडा निरखून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हे पत्ते म्हणजे आपले नेहमींचे बावन्न पानांचे पत्ते नव्हेत. रिचर्ड गारफील्ड नांवाच्या अमेरिकन गणितज्ञानें १९९३ सालीं 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ काढला, आणि ज्याचे पत्ते त्यानें स्वतः जमवावयाचे व त्यांतून आपली सेना उभारावयाची, अशी नवी प्रथा पाडली. जपानांत १९९६ सालीं याच पद्धतीचा 'पोकेमॉन'चा खेळ निघाला, व १९९९ सालीं तो इंग्रजींत आला. आपल्या मुलांच्या खिशांत बहुधा असतात ते हेच पत्ते. खेळणारानें आपल्या संग्रहांतून ६० पत्ते निवडावयाचे. मूळच्या एनर्जीचे पत्ते सोडले, तर एका नांवाचे चारांहून अधिक पत्ते त्यांत चालत नाहींत. प्रत्येक प्राण्याच्या पत्त्यावर त्याचा जीव किती, त्याचा मार किती, त्या मारासाठीं एनर्जी किती लागते, तो कोणापुढें दुबळा पडतो, हें सर्व छापलेलें असतें. दर वर्षीं नवे संच निघतात, प्रत्येक संचांत एखाददुसरा बलाढ्य प्राणी येतो, आणि मुलांत लगेच वाद सुरू होतो : हा खरोखर मोठा, कीं नुसता दिसावयास मोठा?

प्राण्यांचें व दैवतांचें बळ पत्त्यांवर उतरविण्याची कल्पना आपल्याला मुळींच नवी नाहीं. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पुष्कळांनीं पाहिली असेल. लाखेच्या रंगांनीं नटलेले ते वाटोळे पत्ते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें, मिळून १२० पानें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सावंतवाडीच्या राजघराण्यानें, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं, या कलेला आधार दिला म्हणून ती टिकली. या खेळाची खुबी अशी कीं, निम्म्या रंगांत दश्शी थोर, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का थोर. शिवाय दिवसां खेळ मांडला तर आरंभाचा मान रामाचा, आणि रात्रीं मांडला तर कृष्णाचा! याचा अर्थ उघड आहे. पत्त्यावरचा आंकडा एकटा कांहींच सांगत नाहीं. तो कोणत्या रंगांत आणि कोणत्या वेळीं पडला, यावर त्याचें मोल ठरतें. नव्या खेळांतहि नेमकें हेंच ध्यानांत घ्यावयाचें आहे.

उदाहरणार्थ, १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचांतील 'चारिझार्ड' घ्या. पंख पसरलेला, आग ओकणारा हा प्राणी त्या काळीं प्रत्येक मुलास हवा होता. त्याचा जीव १२०, म्हणजे त्या संचांतील सर्वांत मोठा आंकडा. त्याचा मार १००. परंतु तो एकदम मैदानांत उतरत नाहीं. प्रथम चारमँडर मांडावयाचा, त्यावर चारमेलियन, आणि त्यावर चारिझार्ड. माराला चार एनर्जी लागतात, आणि नियम असा कीं, एका पाळींत एकच एनर्जी लावतां येते. शिवाय एक मार दिला कीं दोन एनर्जी खर्चीं पडतात.

आतां त्याच संचांतील 'हिटमॉनचॅन' पाहा. मुठी वळून उभा राहिलेला हा साधा मुष्टियोद्धा. जीव अवघा ७०. पण तो पहिल्या पाळीपासून मैदानांत असतो, एका एनर्जीवर २० चा ठोसा देतो, आणि तिसरी एनर्जी मिळतांच ४० चा. हिशेब करा : चार पाळ्यांत २०, २०, ४० आणि ४० मिळून १२० चा मार. तितक्याच अवधींत चारिझार्ड, मधल्या अवस्थांतील किरकोळ ओरखडे सोडले तर, पहिला १०० चा मार देण्यापुरता कसाबसा सिद्ध होतो. म्हणूनच त्या काळच्या जाणत्या खेळाडूंनीं हिटमॉनचॅनसारखे झटपट उतरणारे, थोड्या खर्चाचे गडी एकत्र करून सामने जिंकले. अर्थात् येथेंहि एक मेख आहे. चारिझार्डवर मुष्टियोद्ध्याचा मार ३० नें कमी लागतो. म्हणजे तो एकदां पुरता उभा राहिला, कीं हिटमॉनचॅनचा २० चा ठोसा त्याच्या अंगाला लागतच नाहीं. तेव्हां 'कोण मोठा' या प्रश्नाला जोडूनच 'कोणापुढें' आणि 'केव्हां' हे प्रश्न विचारावे लागतात.

पुढें २०२३ सालीं चारिझार्डचा 'ईएक्स' हा नवा अवतार निघाला. त्याचा जीव ३३० आहे. पण जुन्याशीं तुलना करून त्या आंकड्यानें दिपून जाण्याचें कारण नाहीं, कारण मधल्या काळांत सर्वच आंकडे फुगले आहेत. रुपयाचा भाव उतरला म्हणजे पगाराचा नुसता आंकडा वाढून सुख वाढत नाहीं, तसेंच हें आहे. या पत्त्याचें खरें बळ दुसरीकडे आहे. तो हातांतून मैदानांत चढला, कीं खेळणारास आपल्या गठ्ठ्यांतून तीनपर्यंत अग्नीच्या एनर्जी शोधून आपल्या प्राण्यांना लावतां येतात. आणि त्याच्या माराला तर दोनच पुरतात. म्हणजे जुन्या चारिझार्डला जें वाट पाहणें नडत होतें, तेंच येथें टळलें. त्याचा मार मूळचा १८०. त्यांत प्रतिपक्षानें जिंकलेल्या प्रत्येक बक्षिसामागें ३० ची भर पडते. आपण मागें पडत गेलों, तसतसा आपला योद्धा अधिक खवळतो, अशी ही योजना आहे. परंतु या बळाची किंमतहि मोजावी लागते. डावांत प्रत्येकानें सहा बक्षिसें जिंकावयाचीं असतात. साधा प्राणी पडला तर प्रतिपक्षास एक मिळतें, पण 'ईएक्स' पडला तर दोन. असे तीन मोहरे पडले, कीं डाव संपला.

मग हा अजिंक्य ठरला काय? नाहीं. १९२४ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२४ सालीं होनोलुलू येथें जागतिक सामने झाले. त्यांत मोठ्यांच्या गटांत चिली देशाचा फर्नांडो सिफुएंतेस ज्या पत्त्याच्या जोरावर जिंकला, तो 'आयर्न थॉर्न्स ईएक्स'. त्याचा जीव २३०, मार १४०. आंकड्यांनीं तो चारिझार्डपुढें फिका दिसतो. परंतु तो पुढें उभा असेपर्यंत बहुतेक बड्या प्राण्यांच्या विशेष शक्ति चालत नाहींत. ज्या काळीं सर्वांचा भरंवसा अशा शक्तींवर होता, त्या काळीं त्या बंद पाडणारा हा दरवानच सर्वांना भारी पडला.

या उदाहरणांतून नव्या पत्त्याची परीक्षा कशी करावी, तें सहज निघतें. तो मैदानांत किती पाळ्यांनीं येतो? त्याच्या माराला खर्च किती? तो पडला तर आपलें किती जातें? सध्यां लोक जे पत्ते खेळतात, त्यांच्यापुढें तो टिकेल काय? आणि आपल्या साठ पत्त्यांतील इतरांशीं त्याचा मेळ बसेल काय? हे पांच प्रश्न दहा वर्षांच्या मुलासहि समजतात. किंबहुना, कारखान्यांत तपासणीचें काम करणारा त्याचा काका रोज जे प्रश्न विचारतो, तेच हे आहेत.

येथें एक भेद मात्र मुलांना स्पष्ट समजावून दिला पाहिजे. खेळांतलें मोल निराळें, आणि बाजारांतला भाव निराळा. वर सांगितलेला १९९९ चा चारिझार्ड खेळांत मंद ठरला. पण त्याच्या पहिल्या छपाईची अगदीं निर्दोष राहिलेली एक प्रत २०२२ सालीं लिलावांत ४,२०,००० डॉलरांस गेली. हा भाव दुर्मिळपणाचा, कोऱ्या कडांचा आणि लहानपणच्या आठवणींचा आहे. प्राण्याच्या बळाचा नव्हे. असल्या वार्ता ऐकूनच मुलें बंद पाकिटांमागें लागतात. पाकिटांत काय आहे, तें फोडल्याखेरीज कळत नाहीं; म्हणून 'या खेपेस मिळेल' या आशेवर खाऊचे पैसे पाकिटामागून पाकिटांत जातात. ही सोडतीची गोडी आहे, आणि ती मोठ्यांनाहि सुटत नाहीं, मग मुलांची काय कथा! त्यांतच सोनेरी वर्खाचे नकली पत्तेहि सर्रास विकले जातात. जितका झगमगाट अधिक, तितका संशय अधिक, हें सूत्र येथें बहुधा खरें ठरतें.

एकत्र कुटुंबांत याला आणखी एक बाजू आहे. घरांत चार चुलतभावंडें असलीं, म्हणजे थोरल्याला सर्व कळतें आणि धाकट्याला चमक दिसते. थोरला आपला चकचकीत पण निरुपयोगी पत्ता देऊन धाकट्याचा साधा पण कामाचा पत्ता काढून घेतो. महिन्याभरानें धाकट्याला उमगतें, आणि मग जें रडें उठतें, तें केवळ पत्त्याचें नसतें. आपल्याच भावानें आपल्याला अज्ञानांत ठेवलें, हा सल त्यामागें असतो. अशा वेळीं सर्व पत्ते जप्त करून माळ्यावर टाकणें सोपें आहे. पण त्यानें धाकट्याला पारख येत नाहीं आणि थोरल्याला न्याय कळत नाहीं. त्यापेक्षां घरांत एक रीत पाडावी : जो पत्ता द्यावयाचा, त्याचे गुणदोष देणारानें आधीं मोठ्यानें सांगावयाचे, घेणारानें एक रात्र विचार करावयाचा, आणि सौदा दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष करावयाचा. बंद पाकिटांवर महिन्याचा एक ठराविक आंकडा घालून द्यावा. तो संपला कीं संपला. आणि ज्याला एखादा विशिष्ट पत्ता खेळासाठीं हवाच असेल, त्यानें दहा पाकिटें फोडण्याऐवजीं तो एकच पत्ता सुटा, खात्रीच्या ठिकाणीं, पारखून घ्यावा.

मुलांचे हे प्राणी दोन वर्षांनीं जुने होतील, त्यांची नांवेंहि कोणाच्या ध्यानांत राहणार नाहींत. पण चित्र बाजूला सारून खर्च, वेळ आणि जोखीम यांचा हिशेब करण्याची संवय एकदां लागली, तर ती पुढें घर घेतांना, कर्ज काढतांना, नोकरी निवडतांना उपयोगीं पडेल. आणि आपल्याला जें कळतें, तें लहानाला आधीं सांगून मगच त्याच्याशीं सौदा करावयाचा, ही दुसरी संवय तर त्याहूनहि मोलाची आहे. तीसाठीं दिवाणखान्यांतली एक दुपार या पत्त्यांना दिली, तर ती वायां गेली असें कोणत्याहि आजीआजोबांनीं समजूं नये.