तळणीचं तेल, विमानाचं इंधन आणि कराचं गणित

पालघरमधल्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांभोवती खानावळींच्या कढया दिवसभर तापतात. त्यात उरलेलं काळं तेल गटारात न ओतता गोळा केलं, तर त्यापासून विमानाचं शाश्वत इंधन तयार होऊ शकतं. उसाच्या मळीपासून केलेल्या इथेनॉलपासूनही ते बनतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने अशा इंधनावर काम केलं आणि १९ मे २०२३ रोजी त्याचं मिश्रण भरून पुणे-दिल्ली प्रवासी विमान उडालं.

अडचण किमतीची. हे इंधन नेहमीच्या इंधनाच्या दुपटीहून महाग पडतं.

म्हणून अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात गॅलनमागे १.२५ डॉलर करसवलत ठेवली. मुख्य अट: नेहमीच्या इंधनापेक्षा उत्सर्जन निदान ५० टक्के घटायला हवं. पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक सेंट जादा, कमाल १.७५ डॉलर. २०२५ पासून तिथे थेट उत्पादकाला सवलत मिळू लागली.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. पण हा दिलासा सरसकट इंधनाला होता, हरित इंधनाच्या उत्पादनाला नव्हे. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं आहे. त्या लक्ष्याला उत्सर्जनाशी बांधलेल्या करसवलतीची जोड मिळाली, तर पालघरमध्ये वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यालाही त्यातून भाव मिळू शकेल.