अ जीवनसत्त्वाचा डोस म्हणजे गोवराची लस नव्हे

बाळ नऊ महिन्यांचे झाले की त्याला गोवर-रुबेलाची लस टोचतात आणि त्याच वेळी अ जीवनसत्त्वाचे एक लाख युनिट औषधही पाजतात. दिवस एक, कार्ड एक, म्हणून दोन्हींचे कामही एकच असावे, असे अनेकांना वाटते. मग खात्यापित्या घरातून प्रश्न येतो: मूल गाजर-पपई भरपूर खाते, त्याला लस कशाला? गोवराचा विषाणू श्वासावाटे शिरतो आणि आधी रोगप्रतिकारक पेशींनाच धरतो. आहार उत्तम असला म्हणून त्याला तिथे मज्जाव होत नाही. जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हिशेब नंतर सुरू होतो. श्वासनलिकेचे ओलसर अस्तर टिकवायला अ जीवनसत्त्व लागते; ते कमी पडले की अस्तर कोरडे, निबर होते आणि जंतू बाहेर ढकलले जात नाहीत. गोवर याच अस्तराला इजा करतो आणि अंगातला अ जीवनसत्त्वाचा साठाही खर्ची घालतो. गोवरात मुले दगावतात ती मुख्यतः न्यूमोनिया, जुलाब अशा गुंतागुंतींनी, पुरळाने नव्हे.

केपटाउनच्या रुग्णालयातील चाचणी १९९० साली प्रसिद्ध झाली. गंभीर गोवराच्या १८९ मुलांपैकी काहींना अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले, बाकीच्यांना नुसते दिखाऊ औषध. एकूण १२ मुले दगावली, त्यांतली १० दिखाऊ औषधाच्या गटातली. त्या भागात या कमतरतेची उघड लक्षणे क्वचितच दिसत, तरी ९२ टक्के मुलांच्या रक्तातली पातळी कमी निघाली. चाचणी लहान होती, हा आक्षेप रास्त आहे. पण टांझानियातल्या १९८७ च्या चाचणीतही १८० मुलांत मृत्यू ६ विरुद्ध १२ असे होते. तीही लहानच, कल मात्र तोच. महत्त्वाचे हे की, या सगळ्या मुलांना गोवर आधीच झालेला होता. औषधाने मृत्यू कमी झाले. गोवर टळतो असे या चाचण्यांनी दाखवलेले नाही, त्यांचा तो प्रश्नच नव्हता.

मग सुदृढ मुलाला गोवर झाला तरी डॉक्टर हेच औषध का देतात? आजार साठा ओढून घेतो म्हणून, आणि तेही वयानुसार मोजून, लागोपाठ दोन दिवस. त्यावरून रोज थोडे-थोडे घरीच द्यावे, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते आणि यकृतात साठत जाते. क जीवनसत्त्वासारखे जादा झालेले लघवीवाटे निघून जात नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सासला गोवराची साथ आली, तेव्हा लबक शहरातल्या डॉक्टरांना गोवराच्या काही मुलांत अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने यकृत बिघडल्याच्या खुणा आढळल्या. शेवग्याच्या पाल्यातल्या किंवा पपईतल्या कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनवते, त्यामुळे त्यांच्याने असे होत नाही. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने आणि कॅप्सूलने होऊ शकते.