एनर्जी ड्रिंकचा कॅन किती दिवस टिकतो?

डिस्काउंटमध्ये एनर्जी ड्रिंकचे कॅन डझनाने उचलणाऱ्या मंडळींनी हे वाचाच! 🥤

✅ बंद कॅन साधारण एक ते दोन वर्षं टिकतो. तारीख बहुधा बुडावर छापलेली असते. पेय आम्लधर्मी असल्याने जंतू सहसा वाढत नाहीत. कॅफीन जवळपास तसंच राहतं, पण काळानुसार जीवनसत्त्वं घटतात आणि चव उतरते.

✅ अ‍ॅल्युमिनियमच्या आत पातळ लेप असतो. तो आम्लाला धातूपासून दूर ठेवतो. पोच्याने तो तडकू शकतो, म्हणून पोचे पडलेले, विशेषतः झाकणाच्या कडेला दबलेले कॅन घेऊ नका.

✅ कॅन कोरड्या, थंड, सावलीच्या जागी ठेवा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तर नकोच. उष्णतेने आतल्या वायूचा दाब वाढतो आणि कॅन फुटू शकतो.

✅ फ्रीज चालेल, फ्रीझर नाही. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि कॅनमध्ये फुगायला पुरेशी जागा नसते.

✅ गोदामातली धूळ आणि उंदरांची घाण झाकणावर असू शकते. फोडण्यापूर्वी कॅन धुऊन पुसा.

✅ फोडलेला कॅन लगेच संपवा. उरलंच तर झाकणाच्या बाटलीत ओतून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत प्या.

❌ फुगलेला, गळणारा किंवा विचित्र वास येणारा कॅन चाखूनही पाहू नका, थेट फेका.

साठा भरपूर आहे म्हणून रोज दोन-तीन कॅन रिचवू नका. लहान मुलं आणि गर्भवतींसाठी हे पेय नाही, लेबलवरची सूचना वाचा. जुने कॅन पुढे, नवे मागे ठेवा आणि आज घरातल्या कॅनचं बूड एकदा तपासाच!